वाचनालयाच्या संगणकांसाठी डेबियन निवडताना

विंडोज १० ला मिळणारे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे बरंच आधी जाहीर झालं होतं. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातले संगणक चांगले चालू स्थितीत आहेत, पण प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. वर्षभराची मुदतवाढ मिळण्याची सोय होती, पण तिने प्रश्न तेवढाच पुढे ढकलला असता. नवे संगणक घ्यायचे तर पुस्तक खरेदीला हात लावावा लागला असता आणि ते कार्यकारिणीत कुणालाच मान्य नव्हतं. मी घरी बरीच वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

घरच्या संगणकावर मी हवे ते प्रयोग करतो. वाचनालयात तसं चालत नाही. तिथे काउंटरवर ताई बसतात, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं फॉर्म भरायला येतात, संध्याकाळी निवृत्त मंडळी ई-पेपर वाचतात. यांपैकी कुणालाही ऑपरेटिंग सिस्टिमशी देणंघेणं नसतं, आणि नसावंच. काल जिथे बटण होतं तिथेच ते आज सापडायला हवं. म्हणून मी दिसण्यापासून सुरुवात केली नाही. आधी पाहिलं की सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षं मिळणार, तेवढ्या काळात बाकीचं जागच्या जागी राहणार का, आणि या दोन्ही गोष्टी ठरवतं कोण.

एवढ्यावरच लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी बरीच नावं गळाली. आर्चसारख्या सतत बदलत राहणाऱ्या सिस्टिम माझ्यासारख्याला आवडतात, काउंटरवर त्या नकोत. फेडोरा उत्तम आहे, पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिन्यांचा आधार, म्हणजे वर्षाला एकदा तरी सगळे संगणक उघडून बसायचं. उरले उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, तिच्यावर उभं असलेलं लिनक्स मिंट, आणि डेबियन. कार्यकारिणीतल्या एका काकांनी सी-डॅकच्या बॉस लिनक्सचं नाव सुचवलं. सूचना रास्त होती. पण बॉस मुळात डेबियनवरच बांधलेलं आहे, तेव्हा थेट मुळाशीच जावं असं मला वाटलं.

मिंटने मला खरंच अडवलं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मेनू डाव्या कोपऱ्यात, विंडोजवरून येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटतं. ताईंच्या घरच्या लॅपटॉपवर मी मिंटच घालून दिलं. घरी एकच संगणक असेल आणि मदतीला कुणी नसेल, तर आजही मी तेच सुचवीन.

वाचनालयासाठी मात्र तिसरा प्रश्न माझ्या मनातून जाईना: ठरवतं कोण? डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस या सर्व्हरसाठीच्या लिनक्सच्या बाबतीत काय झालं ते मी जवळून पाहिलं होतं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार या भरवशावर अनेकांनी आपले सर्व्हर त्यावर नेले होते. मग ती मुदत त्यामागच्या कंपनीच्या एका घोषणेने २०२१ अखेरीवर आली. डेबियनमागे अशी एक मालक कंपनी नाही. १९९३ मध्ये इयान मरडॉकने सुरू केलेला हा प्रकल्प जगभरातले स्वयंसेवक चालवतात, त्याला लिखित घटना आहे, प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. २०२३ ची त्यांची जागतिक परिषद आपल्याकडे कोचीला भरली होती. सभासदांच्या वर्गणीवर आणि मतांवर चालणाऱ्या वाचनालयाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं कारण आहे डेबियनची काम करण्याची पद्धत. नवं सॉफ्टवेअर आधी 'अनस्टेबल' शाखेत येतं, तिथे टिकलं तर 'टेस्टिंग'मध्ये उतरतं, आणि साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग टप्प्याटप्प्याने गोठवून, म्हणजे नवे बदल थांबवून, चुका दुरुस्त करून 'स्टेबल' म्हणून बाहेर पडतं. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ चं, म्हणजे ट्रिक्सीचं, गोठवणं मार्चमध्येच सुरू झालं होतं. एकदा स्टेबल झालं की त्यात नवी वैशिष्ट्यं शक्यतो घालत नाहीत. सुरक्षेतलं भोक सापडलं तर दुरुस्ती त्याच जुन्या आवृत्तीत बसवतात. तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं दीर्घ मुदतीचा, अशी पाच वर्षं मिळतात.

या सावकाशपणाचं मोल मला मार्च २०२४ मध्ये कळली होती. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास संपादन करून चोरदरवाजा घुसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरतात त्या एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंदावलेलं जाणवलं, त्याने खोदून पाहिलं, आणि प्रकरण २९ मार्चला जगासमोर आलं. तोवर तो चोरदरवाजा डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत पोचला होता, फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांतही होता. डेबियन स्टेबलमध्ये तो नव्हता. जुनं म्हणजे सुरक्षित, असा याचा अर्थ मी काढत नाही. पण नवी वस्तू हजारो डोळ्यांखालून जाईपर्यंत थांबणाऱ्या व्यवस्थेवर माझा भरवसा त्या आठवड्यात पक्का झाला. वाचनालयाला कशाचीही घाई नव्हती.

निर्णय झाल्यावर लगेच इन्स्टॉल केलं नाही. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून प्रत्येक संगणकाचं वायफाय, आवाज, स्कॅनर तपासले. बाराव्या आवृत्तीपासून वायफायसारख्या भागांचं फर्मवेअर, म्हणजे ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे पूर्वीचा मोठा त्रास संपला आहे. चार जीबी रॅम असल्याने एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड मागतात तिथे जागा रिकामी सोडावी, म्हणजे पहिल्या वापरकर्त्याला सुडोचे, म्हणजे गरजेपुरते प्रशासकाचे, अधिकार आपोआप मिळतात. सुरक्षा अपडेट आपोआप बसावेत म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू केलं. "ब्राउझरही जुना राहणार का?" असं मुलांनी विचारलं. तसं नाही. फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे दीर्घ आधाराची, आवृत्ती असते, तिला सुरक्षा दुरुस्त्या नियमित येतात, आणि परीक्षांचे फॉर्म तिच्यात बिनतक्रार भरले जातात.

मराठीची परीक्षा मी वेगळी घेतली. कीबोर्डच्या मांडण्यांत मराठी इनस्क्रिप्ट आहेच, ज्यांना उच्चाराप्रमाणे टंकायचं त्यांच्यासाठी आयबस हे टंकनाचं साधन घातलं. मग 'दुसऱ्या', 'ॲप', 'बाळ', 'श्रावण' हे शब्द लिबरऑफिसमध्ये, ब्राउझरमध्ये आणि छापून, तिन्हीकडे पाहिले. 'ऱ्य' नीट उमटला तेव्हा मी पुढे गेलो. मराठी वाचनालयात जी सिस्टिम हे दाखवू शकत नाही, तिचे बाकीचे गुण माझ्या लेखी बिनकामाचे.

अडलं ते दोन ठिकाणी. जुनी इतिवृत्तं आणि पुस्तकसूच्या युनिकोड ही आजची प्रमाण पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. फॉन्ट घातला की त्या दिसतात, पण त्यांत शोध लागत नाही, त्यामुळे एकेक फाइल युनिकोडमध्ये बदलून घेणं सुरू आहे. आणि जुन्या लेझर प्रिंटरला त्याच्या कंपनीचा जो ड्रायव्हर लागतो, तो इथे नीट चालला नाही. सध्या एक संगणक इंटरनेटपासून तोडून विंडोजवरच ठेवला आहे. त्या प्रिंटरचं आणि फॉन्ट बदलण्याचं काम तिथे चालतं. नवा प्रिंटर घेताना ड्रायव्हरशिवाय चालणारा घ्यायचा, असं कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवलं आहे.

ताईंना पहिले काही दिवस फाइली कुठे सेव्ह होतात एवढंच विचारावं लागलं. आता त्या नवीन आलेल्या मुलांना स्वतःच दाखवतात. पुढची आवृत्ती, फोर्की, आली की ती पहिल्या आठवड्यात घ्यायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. आधी माझ्या घरी, मग वाचनालयातल्या एका संगणकावर, आणि तिथे महिनाभर कुरकुर झाली नाही तर बाकीच्यांवर. तोवर ट्रिक्सीचे अपडेट चालूच राहतील.