हंगामाचा पैसा आणि क्रेडिट कार्डाची तारीख

कोकणात लहान उद्योग करणाऱ्याच्या हाती पैसा बारा महिने सारखा येत नाही. मार्च ते मे या काळात आंबा, काजू, रातांबे (कोकमाची फळे) आणि पर्यटक सगळे एकदमच येतात. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, आणि त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या खोल्याही रिकाम्या होतात. गणपतीला चाकरमानी आले की बाजार पुन्हा हलतो आणि मग दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. त्यामुळे क्रेडिट कार्ड कोणते घ्यावे, या प्रश्नाचे मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला लागू पडणारे उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. माझ्या मते आपल्याकडे कार्डाच्या सवलतींपेक्षा त्याच्या तारखांना अधिक महत्त्व आहे.

वेंगुर्ले तालुक्यात आमचा कोकम आगळ, सरबत आणि आमसुलांचा लहान उद्योग आहे. आमच्या खर्चाचे सरळ दोन भाग पडतात. रातांबे घेऊन येणारे शेतकरी आणि फळे फोडायला येणाऱ्या बायका यांना रोख किंवा खात्यावर पैसे द्यावे लागतात. तिथे कार्डाचा काही उपयोग नाही. बाटल्या, बुचे, लेबले, खोके, साखर, कुरिअर, टेम्पोचे डिझेल आणि प्रयोगशाळेतील तपासणीची फी हा दुसरा भाग, आणि कार्ड कामाला येते ते इथेच. कार्डासाठी अर्ज करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या खर्चाची अशी फोड कागदावर करावी, कारण यातून लिमिट किती हवे आणि कोणती सवलत खरोखर वापरली जाईल, या दोन्ही गोष्टी कळतात.

आता तारखांचे पाहू. समजा, कार्डाचे स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघते आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७ आहे. बाटल्यांची ऑर्डर १७ एप्रिलला दिली, तर ती रक्कम दुसऱ्याच दिवशीच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि ७ मेपर्यंत, म्हणजे २० दिवसांत भरावी लागते. तीच ऑर्डर १९ एप्रिलला दिली, तर ती १८ मेच्या स्टेटमेंटमध्ये जाते आणि भरायला ७ जून उजाडतो, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी मिळतात. आमच्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे, कारण ७ मेला आगळ अजून पिंपातच असते आणि ७ जूनपर्यंत मे महिन्याच्या सुट्टीतील विक्रीचे पैसे खात्यावर आलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाला बिलिंगची तारीख किमान एकदा आपल्या सोयीने बदलून मागता येते. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. होमस्टे चालवणाऱ्याने, काजू फोडणाऱ्याने, मासळीची गाडी भरणाऱ्याने आपापला पैसा महिन्याच्या कोणत्या आठवड्यात येतो ते पाहून ही तारीख ठरवून घ्यावी.

पण या पन्नासेक दिवसांच्या पलीकडे कार्डाकडून काही मागू नये, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. पावसाळ्यात विक्री थांबते, स्टेटमेंट येते आणि त्यावर एकूण देय रकमेच्या खाली एक लहानसा आकडा असतो, ‘किमान देय रक्कम’. एक लाख रुपये थकीत असतील तर तिथे समजा पाच हजार लिहिलेले असते. ते भरले की दंड टळतो, पण व्याज टळत नाही. दरमहा साडेतीन टक्के दराने एका महिन्याचे व्याज ३,५०० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३० रुपये, असे ४,१३० रुपये झाले. भरलेल्या पाच हजारांतून मुद्दल कमी झाले ते जेमतेम ८७० रुपयांनी. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडली नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आणि त्या दिवसापासून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर व्याज सुरू होते. जून ते सप्टेंबर असे चार महिने काढले तर हंगामातला नफा व्याजात निघून जातो. वर्षाला बेचाळीस टक्के व्याज सोसेल एवढा नफा सरबताच्या बाटलीत नाही, आणि माझ्या माहितीतल्या कोणत्याच प्रामाणिक लहान धंद्यात नाही.

पावसाळा काढण्यासाठी वेगळी साधने आहेत आणि ती बँकेत जाऊन मागावी लागतात. बागायतदार आणि मच्छीमार यांच्यासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. नाव सारखे असले तरी ते प्रत्यक्षात कर्जखाते आहे; त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत ७ टक्के व्याज लागते आणि वेळेत फेड केल्यास ते ४ टक्क्यांवर येते. प्रक्रिया उद्योगाला कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलता येणारे कर्ज, किंवा मुद्रा कर्ज घेता येते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उद्यम पोर्टलवर नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाख रुपये मर्यादेचे खास क्रेडिट कार्ड जाहीर झाले. ते मागायचे तर आधी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते, तेव्हा त्यासाठी कोणा एजंटला पैसे देऊ नयेत.

मजुरी द्यायला कार्डावरून एटीएममधून रोख काढणे हा किमान रक्कम भरत राहण्याहूनही वाईट मार्ग आहे. त्यावर वेगळे शुल्क लागते आणि व्याज काढल्या दिवसापासूनच धावते.

कार्ड निवडताना विमानतळावरच्या लाउंजची सवलत पाहून वार्षिक फी भरणे मला पटत नाही. आपली माणसे कोकण रेल्वेने किंवा एसटीने जातात, आणि सिंधुदुर्गातल्या चिपी किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळावर वर्षातून किती वेळा जाणे होते, हे ज्याचे त्याने मोजावे. त्यापेक्षा वार्षिक फी किती खर्चानंतर माफ होते, डिझेलवरचा अधिभार परत मिळतो का, आणि विमा, वीजबिल, इंधन यांसारखे खर्च रिवॉर्डमधून वगळले आहेत का, हे अटींच्या पत्रकात वाचावे. माझ्या मते रुपे कार्ड आपल्याकडे सर्वांत उपयोगी आहे, कारण ते यूपीआयला जोडता येते. कुडाळच्या साखरेच्या व्यापाऱ्याकडे कार्डाचे मशीन नसेल, पण क्यूआर कोड असतोच. तो दुकानाच्या नावाचा असेल तर तिथे क्रेडिट कार्डातून पैसे देता येतात. व्यक्तीच्या खासगी खात्यावर मात्र असे पैसे पाठवता येत नाहीत. व्यापारी कार्डासाठी वर दोन टक्के मागत असेल तर साधा हिशेब करून चेक द्यावा.

आयकर विवरणपत्र नसल्याने अर्ज नाकारला गेलेल्या अनेक भगिनी खानावळ, पापड-मसाले किंवा होमस्टे चालवतात. त्यांनी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्यावे. लिमिट ठेवीच्या प्रमाणात मिळते, ठेवीवर व्याज चालू राहते आणि वर्षभर नियमित फेड केली की कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलमध्ये आपल्या नावाची चांगली नोंद तयार होते.

घरखर्चाचे आणि धंद्याचे कार्ड वेगळेच ठेवावे. किराणा आणि लेबलांची छपाई एकाच स्टेटमेंटवर आली की मार्चअखेरीस सीएकडे बसून ते निवडण्यात दिवस जातो. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी प्रत्येक खरेदीचे बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. कार्डाच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे आणि तिच्यावर कराची वजावट मिळत नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या लहान व्यावसायिकांसाठीच्या योजनेत, असलेल्यांना ही वजावट मुळातच नाही. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. मोठ्या खरेदीसाठी कार्ड वापरण्याचे हेही एक सबळ कारण आहे.

पैसे भरण्यासाठी बँक खात्यातून ऑटो-डेबिट लावावे, आणि ते किमान रकमेचे नव्हे तर संपूर्ण रकमेचे असावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात कित्येक दिवस वीज आणि मोबाइलची रेंज नव्हती. अशा वेळी ओटीपी येणार कुठून? नियमानुसार देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही, पण आपल्या पावसात तीन दिवस पुरतीलच असे नाही. ऑटो-डेबिट लावल्यावर खात्यात तेवढी शिल्लक ठेवण्याची खबरदारी आपल्याला घ्यावी लागते.

एखादे कार्ड आपल्या उपयोगाचे नाही असे वर्षभरात दिसले, तर पुढची फी लागण्याआधी ते बंद करावे. सर्व बाकी फेडून लेखी किंवा ईमेलने विनंती केल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बंधनकारक आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला ५०० रुपये मिळतात. म्हणून विनंती केल्याची तारीख आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, आणि कार्ड बंद झाल्याचे उत्तर आल्यावर ते स्टेटमेंटच्याच फाइलला लावावे.