फरसबीच्या अकरा बरण्या

अलास्कातल्या पामरला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात मला शेतीचं काहीच उमगत नव्हतं. जूनमध्ये इथे एकोणीस तासांहून जास्त उजेड. त्याने कोथिंबीर जरा कुठे जीव धरते तोच फुलावर येते, पालकाचंही तेच. कोबी मात्र या उजेडावर असा पोसतो की २०१२च्या जत्रेत १३८ पौंडांचा, म्हणजे ६२ किलोंच्या वरचा गड्डा आला होता. पण हे सगळं मेअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच. एकदा हिम पडलं की शेत संपलं. म्हणून आलेलं सगळं तेवढ्यात साठवायचं.

आमच्याकडे फरसबी खूप आली. मुलांनी बसून शिरा काढल्या, मी अकरा बरण्या भरल्या, मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून अर्धा तास उकळल्या. झाकणं घट्ट बसली. मला फार समाधान वाटलं.

शेजारच्या आजी आल्या. १९३५ साली मंदीच्या काळात सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधली २०३ कुटुंबं या खोऱ्यात वसवली, त्यांपैकी एक त्यांचं. बरणी हातात घेऊन त्यांनी विचारलं, कशी केलीस? ऐकल्यावर म्हणाल्या, सगळ्या टाकून दे. उघडूसुद्धा नकोस.

मला रडू आलं. मग त्यांनी समजावलं. बॉट्युलिझम म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा; तिच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवाबंद बरणीत, आंबटपणा नसलेल्या भाजीत ते वाढून विष तयार करतात. वासाने, चवीने कळेलच असं नाही. आईच्या कैरीच्या लोणच्याला आंबटपणा आणि मीठ राखतं. फरसबीकडे दोन्ही नाही. तिला ११६ अंश लागतात, म्हणजे दाबाखालची वाफ.

मी म्हटलं, माझ्याकडे पुण्याहून आणलेला कुकर आहे, त्यात १५ पौंड दाब येतो. त्यांनी मान हलवली. लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो. बरण्यांसाठी ठरवलेल्या मिनिटांमध्ये मोठ्या कॅनरचं, म्हणजे बरण्या वाफवायच्या मोठ्या प्रेशर कुकरचं, सावकाश तापणं आणि निवणंही धरलेलं असतं. दाब तेवढाच असला तरी भागत नाही. इतकी वर्षं कुकर वापरूनही हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या कॅनरवर शिकले. अर्ध्या लिटरच्या बरण्या, वर एक इंच मोकळी जागा, काठ स्वच्छ पुसलेला. झाकण लावल्यावर दहा मिनिटं वाफ जोरात बाहेर जाऊ द्यायची, आत अडकलेली हवा निघेपर्यंत. मगच वजन ठेवायचं. काटा ११ पौंडांवर आला की वीस मिनिटं. मध्येच खाली गेला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून. नंतर आच बंद करून दाब आपोआप उतरू द्यायचा. शिटी उचलायची सवय हाताला असते, तो हात त्या दिवशी मी पाठीमागे बांधून उभी होते.

बरण्या टॉवेलवर काढल्या. थोड्या वेळाने पहिलं झाकण मधोमध आत ओढलं गेलं: टक्. मग दुसरं. आजी प्रत्येक आवाजाला बोट मोडून मोजत होत्या.

जानेवारीत बाहेर कमरेएवढा बर्फ होता तेव्हा त्यातली एक उघडली, दहा मिनिटं उकळली, आणि वर मोहरी-मिरचीची फोडणी आणि खवलेलं खोबरं घातलं.