तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा लाटेला जेटस्की कशाला?

नाझारेचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेले असतात. २०२० मध्ये सेबास्टियन स्टॉइट्नर हा सर्फर पोर्तुगालच्या त्या किनाऱ्यावर २६ मीटरच्या लाटेवर उतरला, त्याला जेटस्कीने ओढत नेलं होतं, आणि ते तुम्हाला पटतं. मग तुम्ही माझा फोटो बघता. स्कीवर मी, दोरीला माझा मुलगा, त्याच्यामागे जेमतेम कमरेइतकी लाट. इथे ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टच्या गणपतीत विचारता, मालवणात लग्नाला आले की तिथेही विचारता. आठ वर्षं मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलत आले. आज सगळं सांगते.

हौस म्हणून घेतली असेल, असं तुम्हाला वाटतं. स्की जुनी आहे, तिघांनी मिळून घेतलेली, आणि तिच्या पेट्रोलसाठी मी शनिवारच्या जादा पाळ्या केल्या आहेत.

मोठ्या लाटेला यंत्र लागतं, कारण ती हातांच्या वेगाला सापडत नाही. मीटरभराच्या लाटेचं तसं नाही. ती फुटायला येते तेव्हा ताशी तेरा-चौदा किलोमीटरने सरकत असते, बोर्डवर पालथं पडून हात मारणाऱ्या सर्फरला ती सहज मिळते. पण माझ्या मुलाला तेवढ्यावर भागत नव्हतं. लाटेच्या माथ्यावरून बोर्डासकट हवेत उडायचं आणि परत त्याच लाटेवर उतरायचं, हे त्याला शिकायचं होतं. त्याला ‘एअर’ म्हणतात, आणि हल्लीच्या स्पर्धांत त्याला भरपूर गुण मिळतात. त्यासाठी लागणारा वेग लहान लाट देत नाही, दोरी देते. हाताने तासाभरात त्याचे चार प्रयत्न व्हायचे, दोरीने तीस. हे मी स्वतः मोजलंय. पोहण्याच्या तलावावर पहाटे चार वाजता मुलांना नेणाऱ्या आया मला माहीत आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.

शिवाय आमच्याकडच्या किरा किनाऱ्यासारख्या जागा वेगळ्याच. २००१ पासून ट्वीड नदीच्या मुखाच्या दक्षिणेकडची वाळू पंपाने उत्तरेला आणून सोडतात, वर्षाला साधारण पाच लाख घनमीटर. तिच्यामुळे स्नॅपर रॉक्सपासून किरापर्यंत लांबच लांब पट्टा तयार झाला. चक्रीवादळाच्या उधाणात तिथे ओढ एवढी असते की हात मारत एका जागी टिकता येत नाही. माणूस उत्तरेला वाहत जातो, किनाऱ्याला लागतो, चालत परत येतो. म्हणून तिथे छातीभर लाटेलाही लोक स्कीच्या मागे बसून येतात आणि लाट उभी राहिली की बोर्डवर उतरतात. ही पद्धत मी शोधून काढलेली नाही.

इथपर्यंतचं उत्तर मला पाठ आहे. पुढचं मी कोणाला सांगत नाही.

जुलैतली सकाळ होती. किराच्या उत्तरेला टुगनकडचा मोकळा किनारा, लाट कमरेच्या जरा वर, वारा जमिनीकडून. गर्दी टाळायची म्हणूनच आम्ही तिकडे जायचो. क्वीन्सलँडात, म्हणजे आमच्या राज्यात, पाण्यातल्या माणसापासून ६० मीटरच्या आत स्कीला ६ नॉटच्या वर जाता येत नाही. ६ नॉट म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. त्या वेगात दोरीवरचा माणूस उभाही राहत नाही. तेव्हा जिथे माणूस आहे तिथे हे करायचंच नाही, असा त्याचा सरळ अर्थ, आणि तो मला ठाऊक होता. माझ्या मागे मैत्रीण उलटं तोंड करून बसली होती, दोरीवरच्या मुलावर नजर ठेवायला. समोरचं बघायचं काम एकट्या माझं.

तिथे एक माणूस होता. साठीचा असेल, लांब जुना बोर्ड. आम्ही आलो तेव्हा तो आधीच पाण्यात होता, आमच्यापासून दूर. तासाभरात त्याने तीन लाटांसाठी हात मारले आणि तिन्ही सुटल्या.

मग जरा मोठ्या लाटांची रांग आली. मी वळसा घेतला, मुलगा दोरीवर उभा राहिला, मी वेग वाढवून त्याला लाटेच्या खांद्याला, म्हणजे अजून न फुटलेल्या बाजूला, लावलं. मधल्या तासात वाहत वाहत आम्ही त्या माणसाच्या बरेच जवळ आलो होतो. लाट लहान असली तरी दोन लाटांमधल्या खळग्यात पालथा पडलेला माणूस स्कीवर बसलेल्याला दिसत नाही. एकदम समोर पाच-सहा मीटरवर त्याचं डोकं वर आलं. आम्ही ज्या लाटेवर होतो, तिच्यासाठीच तो हात मारत होता.

मी थ्रॉटल सोडलं.

गाडी चालवणारा कुणीही हेच करील. पण आमच्यासारख्या जुन्या जेटस्कीला ब्रेक नसतो, सुकाणूही नसतं. मागून जो पाण्याचा झोत सुटतो, त्याची दिशा बदलून ती वळते. झोत थांबला की वळणं थांबतं. हँडल कितीही फिरवा, साडेतीनशे किलोचं धूड सरळ जात राहतं. मला हे शिकवलं होतं, परवान्याच्या परीक्षेत मी हे लिहिलं होतं. धोका दिसला तर थ्रॉटल दाबून वळायचं. हाताने ऐकलं नाही.

त्याने बोर्ड बाजूला ढकलला आणि बुडी मारली. स्की त्याच्या बोर्डवर आदळली. बोर्ड दोरीने त्याच्या घोट्याला बांधलेला होता, तो ओढला गेला आणि त्याच्याबरोबर पाय. वर आला तेव्हा त्याचा आवाज निघत नव्हता. मुलाने पोहत जाऊन त्याला धरलं. मागच्या गादीवर त्याला आडवं घेतलं, आणि किनाऱ्यापर्यंतच्या त्या शंभर-दीडशे मीटरमध्ये तो एकच वाक्य बोलला: “उजाडायच्या आधीपासून मी इथे आहे.”

गुडघ्याचे अस्थिबंध फाटले होते. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने तो पाण्यात गेला नाही. मी दंड भरला. ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं की तो मला दिसला नाही. त्या क्षणापुरतं ते खरंच होतं.

पण तो मला तासभर दिसत होता. त्याच्या तीन लाटा सुटलेल्या मी पाहिल्या होत्या आणि मनात म्हटलं होतं, याला काही लाट मिळायची नाही. म्हणून वळसा घेताना मी त्याला हिशेबातच धरलं नाही. मुलाला हे मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्याने त्याच संध्याकाळी विचारलं होतं, “आई, तो तुला खरंच दिसला नव्हता?”

पंधरा दिवसांनी मी त्या माणसाच्या घरी गेले. त्याने दारातच, कुबडीवर उभं राहून विचारलं, त्या सकाळी तोपर्यंत तुझ्या मुलाला किती लाटा मिळाल्या होत्या? मोजायची मला सवय आहे. बावीस, मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

बाबांना फोनवर सांगितलं. माझे बाबा रापणकार. लहानपणी मी रापणीचा दोर ओढलाय. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन टोकं किनाऱ्यावर, आणि चाळीस-पन्नास माणसं मिळून ओढायची. हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. मग यंत्राच्या होड्यांतून मोठं जाळं टाकणारे पर्ससीनवाले आले. बाबा मोर्च्यांना जायचे, २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनला हंगामाची मर्यादा घातली तेव्हाही त्यांचं समाधान झालं नाही. यंत्राने आलेला माणूस तासात आमचा महिना घेऊन जातो, हे वाक्य मी जेवताना ऐकत मोठी झाले.

बाबा सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “बाये, आधी थंय कोण होतो?”

मी भांडले. म्हटलं, बाबा, लाट म्हणजे मासा नव्हे, ती संपत नाही, मागून दुसरी येते. ते गप्प राहिले. मला आजही वाटतं की माझं बरोबर होतं, समुद्रातल्या लाटा कोणी संपवू शकत नाही. पण त्या सकाळी चांगल्या लाटा दर पंधरा-वीस मिनिटांनी येत होत्या, आणि त्यातली प्रत्येक माझ्या मुलाला मिळत होती. मासा तरी जाळ्यातून सुटतो.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेच्या सागरी अभयारण्यात मॅव्हरिक्स या मोठ्या लाटांच्या जागी जेटस्की नेता येते ती फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी, तेही मोठ्या लाटांचा अधिकृत इशारा असेल तेव्हाच. अपघाताच्या आधी मी या नियमावर तावातावाने बोलायचे. लहान लाटेत धोका कमी, मग तिथेच बंदी का? आता कळतं की धोक्याचं गणित मी उलटं मांडलं होतं. लाट आपल्या उंचीच्या जेमतेम सव्वापट खोलीत फुटते. वीस मीटरची लाट किनाऱ्यापासून लांब फुटते, जिथे तयारीची माणसं असतात. मीटरभराची लाट तुमच्या-आमच्या छातीएवढ्या पाण्यात फुटते, जिथे मुलं, म्हातारे, नवशिके असतात. यंत्राला तिकडेच यावं लागतं.

एवढं कळूनही मी स्की विकलेली नाही. तुम्ही पुढे तेच विचाराल. त्याच स्कीने एका मार्चमध्ये आम्ही वाहून गेलेल्या दोन पोरांना परत आणलं. पण त्यासाठी ती ठेवली आहे असं म्हटलं तर खोटं होईल. दोरी ताणली जाते, मुलगा पायावर उभा राहतो, मी लाटेचा वेग आणि स्कीचा वेग जुळवते, तो दोरी सोडतो, आणि मी मागून त्याला उडताना बघते. ते मला हवं आहे. मी स्वतः कधी लाटेवर उभी राहिलेले नाही.

आता मुलगा एकोणीसचा आहे, बहुतेक वेळा हातानेच जातो. मागच्या महिन्यात म्हणाला, चल. किनारा रिकामा होता. मी दोनदा पूर्ण फेरी मारली, प्रत्येक खळगा बघितला. तो दोरी धरून थांबला होता. तेवढ्यात दूर वाळूवर एक बाई बोर्ड काखेत घेऊन पाण्याकडे चालत येताना दिसली. आमच्यात तीनशे मीटर तरी अंतर असेल, नियमाने काहीच अडचण नव्हती. मुलगा ओरडला, “आई, लाट येतेय!” मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती लाट खालून निघून गेली.