कपाट नंबर ९

दर मे महिन्यात आमच्या वाचनालयात ग्रंथ पडताळणी असते. चार दिवस देवघेव बंद, दाराला तशी पाटी, आणि आत आम्ही तिघं: मी, निर्गम सहायक आणि शिपाई मावशी. एकाने दाखल नोंदवहीतला क्रमांक पुकारायचा, दुसऱ्याने ते पुस्तक फळीवर हुडकून ‘आहे’ म्हणायचं. आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, ‘ब’ वर्गाचं. पुस्तकं २१,००० च्या घरात. तिसऱ्या दिवशी ‘आहे’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

पडताळणीतच बाद पुस्तकांचे गठ्ठे निघतात. पाठ निखळलेली, कसर लागलेली आणि पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली. यादी कार्यकारी मंडळापुढे जाते, ठराव होतो, मग रद्दीवाला येतो. सगळं नियमाप्रमाणे.

मंगळवार, २० मे २०२५. बाहेर वळीव कसला, आषाढासारखा पाऊस लागला होता. मी एका गठ्ठ्यावर गुडघा रोवून सुतळी आवळत होते, तेवढ्यात कार्यवाहांचा फोन आला.

“मॅडम, नारळीकर सर गेले. पहाटे, पुण्यात, झोपेतच. टीव्हीवर चालू आहे. आपल्याकडे त्यांची पुस्तकं असतील ना? दर्शनी टेबल लावा. फोटो, हार आणि पुढे पुस्तकं. पाच वाजता श्रद्धांजली. ग्रुपवर फोटो गेले पाहिजेत.”

“आहेत पुस्तकं,” मी म्हणाले.

माझा गुडघा ज्या गठ्ठ्यावर होता त्यातच सात होती.

सुतळी सोडली. टेबलावर मांडायची तर निदान धूळ पुसावी म्हणून एकेक पुस्तक उघडत गेले आणि डोकंच फिरलं. समासात लिहिलेलं! एका पानावर नव्हे, पानोपानी. निळं बॉलपेन आणि त्याखाली शिसपेन्सिल. आमच्या देवघेवीच्या खिडकीवर पत्र्याचा बोर्ड आहे, त्यातला अकरावा नियम: ‘पुस्तकावर शाईने अथवा पेन्सिलीने काहीही लिहू नये. दंड रु. ५/-.’ या नियमाखाली मी चौथीतल्या पोरांनाही सोडलेलं नाही. कादंबरीच्या पहिल्याच पानावर ‘खून दिवाणजीने केला’ असं लिहिणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनाही नाही.

पण हे तसलं नव्हतं. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा बऱ्याच जणांना माहीत असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते, कारण विश्वासरावांना लागायची गोळी चाटून निघून जाते. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून पंत बखर वाचतात आणि बंद व्हायची वेळ झाल्यावर ती नकळत खिशात घालून बाहेर पडतात. तिथे निळ्या पेनाने लिहिलं होतं: “बखर खिशात!! लायब्ररीवाला झोपला होता काय?”

खाली पेन्सिल: “वर्गणीदार नसल्याने अनामत जप्त करता येत नाही. प्रकरण संपले.”

मी एकटीच मोठ्याने हसले. मावशींनी वाकून बघितलं.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेपाशी तर कॅलेंडरच्या कागदाची एक पट्टी निघाली, एक पीळ देऊन टोकं डिंकाने चिकटवलेली. मोबियसची पट्टी. डाव्याचं उजवं होण्याची त्या कथेतली सगळी गंमत या पिळावरच उभी आहे. शेजारी निळं पेन: “करून बघा. पेन न उचलता रेघ दोन्हीकडून फिरते.” पेन्सिल: “केले. खरे आहे.” मीही बोट फिरवून बघितलं. जिथून निघालं तिथेच येतं, मधे कुठेही कड न ओलांडता.

मग मात्र पडताळणी राहिली बाजूला. बादच्या गठ्ठ्यांमधून त्याच जातीची, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांची पुस्तकं मी वेचून काढायला लागले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, नारायण धारप. सगळ्यांत हीच दोघं. कथेवर कमीच बोलत. कोण सध्या काय वाचतंय, त्यावरच जास्त. “हे संपलं. आता पाताळलोकला हात घातलाय. अजून कोण आहे तिथे?” “मी. पान ६० वर आहे. पुढचे सांगू नये.” धारपांच्या एका पुस्तकात: “रात्री वाचू नका. दुसऱ्या दिवशी पोलवर चढताना हात कापत होते.” भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’त हिरव्या शाईचं तिसरंच कुणीतरी घुसलं होतं: “गोळ्यात कुत्रं चालतं, बाई चालत नाही.” त्यावर पेन्सिलीने बराच विचार केला असावा. खाली एवढंच होतं: “मुद्दा बरोबर.”

आणि एके ठिकाणी निळं पेन: “लोंढ्यांचं नवीन आलंय. कपाट ९, वरचा कप्पा.” पेन्सिल: “वरचा नव्हे, मधला.”

इथे मी थांबले. पुस्तक कुठल्या कप्प्यात आहे याची असली दुरुस्ती वाचक कशाला करेल? दाखल नोंदवही समोर उघडीच होती, १९९० च्या दशकातली. त्यातला ‘ल’ जुन्या वळणाचा, ९ ची शेपटी आत वळवून पुन्हा बाहेर काढलेली. पुस्तक नोंदवहीशेजारी धरलं. पडताळणीच करत होते की मी. पडताळलं.

अण्णांचं अक्षर! आमचे आधीचे ग्रंथपाल. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली मी. पुस्तकावर रेघ दिसली तर ते वर्गणीदाराला उभं करून अकरावा नियम मोठ्याने वाचायला लावत.

अण्णा आता पुण्यात मुलाकडे असतात. ऐंशीला टेकलेत. फोन लावला.

“बातमी कळली असेल अण्णा.”

“कळली. पाऊस उघडला तर त्यांच्या आयुका संस्थेपर्यंत जाऊन येईन म्हणतो.”

“अण्णा, कपाट नऊमधली शिसपेन्सिल तुमची का?”

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग: “पेन्सिल खोडता येते.”

“नियमात पेन्सिलही आहे. बोर्ड तुम्हीच रंगवलाय.”

“बोर्ड वाचकांसाठी असतो, बाई.”

मग स्वतःच सांगायला लागले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही त्यांची पहिली विज्ञानकथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंकडून लिहून घेतली. पहिला नंबर आला, मग उलगडा.

“तेवढी तरी खबरदारी घ्यायची होती तुम्ही,” मी म्हणाले.

“आमच्या हिला विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ वाटायचा. ती कुठली लिहून देते!”

निळं पेन कोण, तेही विचारलं.

“माहीत नाही. कधी शोधलंच नाही. शोधलं असतं तर दंड करावा लागला असता.” आणि लगेच पुढे: “कपाट नऊ ठीक आहे ना गं?”

मी म्हणाले, रेंज जातेय. ठेवून दिला फोन.

कपाट नऊ ठीक नव्हतं. त्यात २०१२ पासून जमाखर्चाच्या फायली आहेत.

झालं असं की अण्णांच्या काळात त्या कपाटात सगळी खिचडी होती. नारळीकरांच्या मांडीला मांडी लावून धारपांची भुतं, त्यांच्या वर १९१३ सालची नाथमाधवांची ‘वीरधवल’, मधेच व्हर्न, मधेच घाट्यांची विज्ञानलेखांची पुस्तकं. मी ग्रंथालयशास्त्र शिकून आलेली, दशांश वर्गीकरण तोंडपाठ. मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३, विज्ञान ५०० पासून पुढे, मुलांची पुस्तकं बाल विभागात, अनुवाद वेगळे. अण्णा निवृत्त झाल्यावर अकरा दिवसांत मी ते कपाट फोडून पुस्तकं सहा ठिकाणी लावली. तपासणीला आलेल्या साहेबांनी चांगला शेरा दिला. तो शेरा मी अजून जपून ठेवला आहे, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी तारीखपट्ट्या मोजल्या. नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’च्या आमच्या प्रतीवर २०१२ पर्यंत ६१ शिक्के. नंतर ४. पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं म्हणून ते बाद यादीत आलं होतं, आणि यादी करणारी मीच. शेवटच्या कोऱ्या पानावर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: “कपाट ९ कुठे गेलं?”

खाली काही नव्हतं.

पाच वाजता श्रद्धांजली झाली. मंडळाचे चौघे आले, दोन भाषणं झाली, फोटो निघाले, आणि पाऊस वाढतोय म्हणून वीस मिनिटांत सगळे पांगले. वीज कधीच गेली होती. इन्व्हर्टरवर टेबलावरची एकच ट्यूब चालू होती. तिच्याखाली तिघं उरले. एक आमच्या अभ्यासिकेतला मुलगा, चार वर्षं एमपीएससी करतोय, वरून खाली पाणी प्यायला उतरतो तेवढाच. एक आठवीतली मुलगी, आजीबरोबर पाऊस थांबायची वाट बघत. आणि एक रेनकोटातले काका, फोटोकडे पाठ करून पुस्तकांसमोर उभे.

“मॅडम, हे मूळ मराठीत आहे?” मुलाने गंगाधरपंत उघडले होते. तो नवोदयला शिकलेला, अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात त्याला ही कथा धडा म्हणून होती. आपण भाषांतर वाचतोय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सध्या काय वाचतोस, असं काकांनी विचारलं तर आधी अभ्यासाची नावं सांगायला लागला, मग लाजत मोबाइल पुढे केला. लिऊ त्सिशिनची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’. “चिनी आहे, मी इंग्रजीतून वाचतोय. दिवसा पंचायत राज, रात्री हे. घरी सांगू नका.”

“तीन सूर्य असलेलं जग,” तो सांगायला लागला. कधी उजाडेल, किती दिवस उजेड राहील, कुणालाच कळत नाही, कारण एकमेकांना ओढणाऱ्या तीन गोलांची चाल गणिताने कायमची बांधता येत नाही. टेबलावरचे तीन पेपरवेट सरकवून दाखवत होता. चार वर्षांत त्याला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मुलगी म्हणाली, ती ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचतेय, तिसऱ्यांदा. काकांनी विचारलं, त्यात परीस खरा निघतो का? “पुढचं सांगणार नाही,” ती म्हणाली. काका हसले आणि तिला ‘वीरधवल’बद्दल सांगायला लागले. परीस नाही त्यात, पण मध्येच पुस्तक मिटवता येत नाही म्हणाले.

मी विज्ञानकथांची वाचक नाही. खरं सांगायचं तर त्यातली पुष्कळ पात्रं मला शास्त्राचा निरोप पोचवायला धाडलेल्या पोस्टमनसारखी वाटतात. पण त्या तिघांना सोडून कुलूप लावायला जाववेना.

काका ‘यक्षांची देणगी’ घेऊन खिडकीशी आले. “हे घरी मिळेल? हीच प्रत पाहिजे.”

“देवघेव बंद आहे काका. पडताळणी.” त्यांच्या खिशाला निळं बॉलपेन होतं. तसं ते निम्म्या गावाच्या खिशाला असतं. तरी विचारलं, “तुम्ही लाइनवर होता का?”

“वीज मंडळात. चौतीस वर्षं. का?”

मी धारपांचं ते पान उघडून समोर धरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोर्डाकडे बघितलं.

“दंड प्रत्येक पानाला, का एकदाच?”

“तेच बघतेय.”

“ते पेन्सिलवाले कोण, कळलं नाही कधी. हायस्कूलचे जोशी-कुलकर्णी असतील कुणीतरी, असं वाटायचं. माणूस वारला असेल म्हणून मग मीही लिहायचं सोडलं.”

वाचकाची माहिती दुसऱ्या वाचकाला द्यायची नसते, हेही मला अण्णांनीच शिकवलं. पण अण्णा कागदोपत्री वाचक नव्हते, नोकर होते. फोन लावून काकांच्या हातात दिला. पहिली दोन मिनिटं दोघंही ‘हो, हो’ एवढंच म्हणत असावेत. मग काकांचा आवाज चढला: “नाही हो, लोंढे वरच्याच कप्प्यात होते, मी स्वतः काढलं होतं!”

तोवर मी ‘यक्षांची देणगी’चं शेवटचं पान उघडलं. टेबलावर शिसपेन्सिल होतीच. त्या प्रश्नाखाली लिहिलं: “फायली हलवायला आठवडा लागेल. मधला कप्पा.”

बाद यादीतून अकरा पुस्तकं त्याच रात्री कमी केली. काकांना पाच रुपयांची पावती फाडली, सगळ्या पानांचे मिळून. दुसरी अण्णांच्या नावाने फाडून पुण्याला पाठवली. तिसरी माझ्या नावाची. अण्णांचे पाच रुपये अजून यायचे आहेत.