फोडातला दोरा

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. घरात देव्हारा कधी नव्हताच, वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनमधले, त्यांचं एकच, माणूस आधी, बाकी सगळं नंतर. आणि सोलापुरात वाढलेल्या पोराला डॉ. कोटणीस वेगळे शिकवावे लागत नाहीत, १९३८ ला चीनला गेले आणि तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ ला तिथंच वारले. मानवतावाद म्हणलं की मला तेच आठवायचे, पंढरपूर कधीच नाही.

यंदा मित्राच्या दिंडीबरोबर निघालो. तिऱ्हे, कामती, माचणूर असा रस्ता. कामतीच्या पुढं टाचेला एवढा मोठा फोड आला की पाय टेकवेना. दिंडीतल्या एका मावशींनी बघितलं, सत्तरीच्या असतील, जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या. कडेला बसवून माझा चिखलाचा पाय सरळ मांडीवर घेतला. मी म्हणतोय, अहो राहू द्या, घाण आहे. "गप बसा की माऊली." काडी ओढून सुई तापवली, दोरा फोडातनं आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर लोंबती सोडली, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे झिरपतं आणि वरची कातडी शाबूत राहते. मग उठून माझ्याच पाया पडल्या. वारीत सगळेच एकमेकांच्या पडतात, माहीत होतं, तरी माझा घसा भरून आला. म्हणलं, मावशी, मी देव मानत नाही ओ. त्या म्हणाल्या, "आता ठणकतंय का कमी झालं?"

पुढं मंगळवेढा. चोखोबांचं गाव. १३३८ मध्ये इथंच गावकुसाचं काम करताना भिंत पडून ते गेले असं सांगतात. ज्या विठ्ठलासाठी ते जगले त्याच्या देवळात त्यांना जिवंतपणी पाऊल ठेवता आलं नाही, समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर, आणि ते दार दलितांना उघडावं म्हणून ६०० वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. माऊली म्हणणारी माणसं तेव्हाही होतीच की. म्हणून मला नुसत्या श्रद्धेचा भरवसा वाटत नाही, वडिलांसारखं कुणीतरी भांडायला लागतंच, पण वडिलांच्या युनियनमध्ये कुणी अनोळखी माणसाचा पाय मांडीवर घेतलेला मी बघितला नव्हता, हेही तेवढंच खरं.

पंढरपुरात मावशी दर्शनाच्या रांगेला लागल्या. मी नाही गेलो. त्यांच्या चपला आणि पिशवी सांभाळत चोखोबांच्या समाधीपाशी बसून राहिलो, टाचेत दोरा तसाच होता.