मारामारीपेक्षा बंद गेट घातक

वानखेडेवर मुंबई-चेन्नई असली की आधीपासून एकच चर्चा: स्टँडमध्ये पोरं भिडणार का? पण जगभरच्या स्टेडियममधले मृत्यू पाहिले, तर ठोशांनी गेलेले थोडे. बहुतेक जण गर्दीत गुदमरून गेले.

लिमा, २४ मे १९६४. पेरू-अर्जेंटिना सामना संपत आला असताना पंचांनी पेरूचा गोल नाकारला. दोन प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांवरून खाली धावले, तर खालची शटरं बंद. मागच्यांना ते दिसेना, त्यामुळे ते रेटतच राहिले. ३०० हून अधिक माणसं गेली. २००१ मध्ये घानात अक्राला हेच घडलं: खुर्च्यांची फेकाफेक, अश्रुधूर, कुलूपबंद गेटं. २०२२ मध्ये इंडोनेशियात मलांगला पुन्हा तेच, १३५ मृत्यू. तिथे पाहुण्या संघाच्या चाहत्यांना प्रवेशच नव्हता, म्हणजे भांडायला समोर कुणी नव्हतंच! फिफाच्या नियमांत स्टेडियममध्ये अश्रुधुराला मनाई आहे, तरीही.

वैरामुळे खरोखर माणसं मेल्याची उदाहरणंही आहेत. ब्रसेल्सच्या हेसेलमध्ये १९८५ साली लिव्हरपूलचे चाहते युव्हेंटसच्या चाहत्यांवर धावून गेले. मागे हटणारे भिंतीशी चेपले गेले, भिंत कोसळली, ३९ गेले. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात मारामारी आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियममध्ये मात्र (१९८९, ९७ मृत्यू) भांडण नव्हतंच. तरी पोलिसांनी खापर चाहत्यांवर फोडलं आणि ते पुसायला २०१६ उजाडलं.

चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर अजून पाय आपल्या ताब्यात असतात. सहा-सात झाली की मागचा धक्का पुढपर्यंत लाटेसारखा जातो आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो, कारण छाती फुगायलाच जागा उरत नाही. लोकलच्या दारात हा दाब मुंबईकराला रोजचाच. फरक एवढाच, की तिथे पुढचं स्टेशन येतं.

अशा गर्दीत सापडलात तर दोन्ही हात कोपरांत वाकवून छातीपुढे धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाटेला उलट रेटू नका. ती ओसरली की तिरकं सरकत कडेला या, पण भिंत किंवा कठड्याला टेकू नका. ओरडण्यात श्वास घालवू नका. मोबाइल पडला तर पडू दे, वाकलात की उठणं कठीण. पडलात तर कुशीवर वळा, डोकं हातांनी झाका.

आपल्याकडे गेटवर बाटली आणि पॉवरबँक कसोशीनं तपासतात. बाहेर पडायची गेटं सामना संपायच्या आधी उघडली का, हे कोण तपासतं? जागेवर बसल्याबरोबर जवळची दोन गेटं हेरून ठेवा. सामना संपल्यावर वीसेक मिनिटं बसून राहा. चर्चगेटकडे तोबा गर्दी दिसली, तर मरीन लाइन्स स्टेशनही चालत जाण्याइतकंच आहे.