सहा मोबाइल आणि कुळागरातला चौथा नट

जत्रेच्या नाटकाची तालीम फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घरात, मोठ्या खोलीत चालते. तिघे नट एकदम बोलत असताना कोण कुठे उभा आहे, हे नुसत्या आवाजावरून काढायचं, असा माझा एम. ई.चा प्रकल्प. माइकांचा संच परवडेना, म्हणून घरचे-शेजारचे सहा मोबाइल मागून आणून भिंतींलगत मांडले.

तत्त्व सोपं आहे. आवाज जवळच्या माइकला आधी पोचतो, लांबच्याला मागाहून. 30 अंशांच्या उकाड्यात तो सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो. दोन माइकांमधला वेळेचा फरक कळला की बोलणारा एका वक्ररेषेवर सापडतो. दुसऱ्या जोडीची रेषा पहिलीला जिथे छेदते, तिथे माणूस.

पहिल्या रात्री स्क्रीनवरच्या नकाशात तिघेही घराबाहेर उभे निघाले. आठवडाभर गणित उसवलं, आणि खोट निघाली घड्याळांत! प्रत्येक मोबाइलचं घड्याळ जरा वेगळं धावतं. सेकंदाला 20 मायक्रोसेकंदांचा फरक म्हणजे काय मोठंसं, पण 10 मिनिटांत त्याचे 12 मिलिसेकंद होतात, म्हणजे चार मीटरांहून जास्त चूक. खोलीच जेमतेम सहा मीटरची. मग तालमीच्या आधी आणि नंतर एकाच फरशीवर उभं राहून टाळी द्यायची, आणि मधला काळ त्या दोन टाळ्यांत ताणून बसवायचा, असं ठरवलं. बिनखर्चाचा उपाय, पण नटांना टाळीची आठवण करून देणं हेच जिकिरीचं.

दोघे एकदम बोलले की दोन जोड्यांच्या रेषा चार ठिकाणी छेदतात, त्यांतली दोन भुतं, म्हणजे जिथे कोणीच नाही अशा खोट्या जागा. ती तिसऱ्या जोडीने पळतात. शिवाय आवाजाचे वेळ आणि स्वर यांप्रमाणे बारीक तुकडे केले, तर बहुतेक तुकड्यांत एकाचाच आवाज वरचढ असतो. प्रत्येक तुकड्याला जागेसाठी एक मत द्यायला लावलं.

तरी एक भूत हटेना. ते घराबाहेर कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, दिसे.

"अरे, हा चौथा कोण रे? कुळागरात उभा राहून संवाद म्हणतोय?" दिग्दर्शक काका स्क्रीनकडे बघत म्हणाले.

भिंतीलगतच्या काचेच्या कपाटावरून आवाज उलटत होता. आरशातल्या प्रतिमेसारखा तो भिंतीपलीकडून आल्यासारखा भासे. कपाटावर आईची गोधडी टाकली, चौथा नट गेला.

आता उभ्या माणसाची जागा वीतभर चुकते, चालत्याची जास्त. काकांना त्याचं काही नाही. नकाशा बघून त्यांनी तिघांनाच झापलं, "सगळे उजवीकडे कशाला गोळा होता रे?"